टर्बो गाडी रिमॅप करायची? नगरच्या उन्हात आणि घाटात कुठलं ट्यूनिंग झेपतं ते आधी बघा

उसाचा सीझन जोरात असताना नेवासा-श्रीरामपूर रस्त्यावर गाडी काढा. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असणारच. समोरचा रस्ता मोकळा दिसतो, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, गाडी क्षणभर विचार करते आणि मग पळते. हा मधला क्षण म्हणजे टर्बो लॅग. बहुतेकांच्या डोक्यात ट्यूनिंगचा किडा इथेच शिरतो. त्यात मोबाइलवर रील येतं, "अर्ध्या तासात 30 टक्के जास्त पॉवर!"

ही पॉवर येते कुठून? अर्ध्या तासात इंजिनात नवा पिस्टन तर कुणी टाकत नाही.

उत्तर असं की ती पॉवर गाडीत आधीपासूनच होती, कंपनीने राखून ठेवलेली. ट्यूनिंग म्हणजे ही राखीव शिल्लक खर्च करणं. म्हणून कुठलाही पर्याय निवडताना "किती हॉर्सपॉवर वाढेल?" याच्या आधी "कुठली शिल्लक संपेल?" हे विचारायला हवं. आणि नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, ही शिल्लक रोजच्या वापरातच बरीच खर्ची पडते.

शिल्लक ठेवतात कशासाठी?

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचं पातं फिरतं, मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे. त्याच दांड्यावरचं दुसरं पातं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं. लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद निघते ती अशी.

आता नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटरवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सात-साडेसात टक्क्यांनी कमी. साध्या इंजिनाची ताकद त्या प्रमाणात घटते. टर्बो गाडीत मात्र ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टर्बोला जास्त फिरवून ही तूट भरून काढतो. तुम्हाला फरक कळतही नाही, पण टर्बो बिचारा जास्त राबत असतो. मे महिन्यात पारा 40 च्या वर गेला की हवा आणखी विरळ होते आणि इंजिनात जाणारी हवा तापलेली असते. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच पेट घेऊ शकतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते वाढलं तर पिस्टन फुटू शकतो. चंदनापुरी घाटात पाच माणसं आणि एसी घेऊन चढताना ही सगळी संकटं एकदम येतात. कंपनीने शिल्लक ठेवली ती याच दिवसासाठी.

चार पर्याय, चार वेगळी गणितं

सगळ्यात स्वस्त म्हणजे पेडल बॉक्स. ॲक्सिलरेटरच्या वायरला जोडायचा छोटा डबा. तुम्ही पेडल 30 टक्के दाबलं तर तो ईसीयूला 50 टक्के सांगतो. गाडी चपळ वाटते, पण पॉवर एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. पेडल तळाला टेकवलं की डबा असो-नसो, गाडी तेवढीच पळते. नुकसान कमी, फायदा बराचसा मनाचा. हायवेवर ओव्हरटेकसाठी याच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

दुसरा ट्यूनिंग बॉक्स. हा सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि खोटं बोलतो. डिझेल गाडीत इंधनाचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं सांगतो, मग ईसीयू दाब वाढवतो आणि जास्त डिझेल आत जातं. पेट्रोल गाडीत तोच खेळ टर्बोच्या दाबाचा. पॉवर खरोखर वाढते आणि डबा काढला की गाडी पूर्ववत, म्हणून लोकांना हा पर्याय सुरक्षित वाटतो. पण यात ईसीयूला आंधळं केलेलं असतं. इंजिन वाचवण्याचे सगळे निर्णय तो ज्या आकड्यांवर घेतो, तेच आकडे खोटे.

तिसरा रिमॅप, म्हणजे ज्याला 'स्टेज 1' म्हणतात. ईसीयूमधलं सॉफ्टवेअरच बदलायचं. टर्बोचा दाब, इंधन, ठिणगीची वेळ, सगळं नव्याने मांडायचं. टर्बो गाडीत साधारण 20 ते 30 टक्के वाढीचे दावे होतात. इथे ईसीयूला खरी माहिती मिळत राहते, नॉकिंग जाणवलं तर तो स्वतः माघार घेतो. चांगल्या ट्यूनरने केलेला रिमॅप ट्यूनिंग बॉक्सपेक्षा इंजिनाला जास्त मानवतो, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे. अट एकच, फाइल तुमच्या गाडीसाठी, इथल्या इंधनासाठी आणि इथल्या उन्हासाठी बनवलेली हवी. युरोपातल्या 98 ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेली फाइल नगरच्या पंपावरचं साधं पेट्रोल भरून चालवणं म्हणजे नॉकिंगला आमंत्रण.

इथे इथेनॉलचाही विषय येतो. ज्या उसाच्या ट्रॅक्टरमागे तुम्ही अडकता, त्याच उसापासून बनलेलं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला आळा घालतं. पण त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी इंधन जास्त फवारावं लागतं. जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने लिहिलेली फाइल असेल तर ट्यूनरला याबद्दल विचारलंच पाहिजे.

चौथा 'स्टेज 2' आणि त्यापुढचं. मोठा इंटरकूलर, उघडा एअर फिल्टर, धूर मोकळा सोडणारा डाउनपाइप, शेवटी मोठा टर्बो. यातला मोठा इंटरकूलर नगरच्या उन्हात खरोखर कामाचा. उघडा कोन फिल्टर मात्र इथल्या फुफाट्यात घालणं धाडसाचं. बारीक धूळ आत गेली तर टर्बोचं पातं आणि सिलिंडर दोन्ही घासून निघतात. डाउनपाइप बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं, डिझेल गाडीचा डीपीएफ फिल्टर काढणं, हे सरळसरळ बेकायदा.

इंजिन झेपवेल, गिअरबॉक्सचं काय?

रीलमध्ये हा भाग कधीच नसतो. चाकणमध्ये बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही ट्यूनिंगवाल्यांची लाडकी गाडी. तिचा टॉर्क 175 न्यूटन मीटर आणि तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा 250. म्हणजे वाढवायला जागा होती. आता त्याच जातीच्या गिअरबॉक्ससह येणारी 1.5 लिटरची व्हर्टस बघा. तिचा टॉर्क मुळातच 250! इंजिन आणखी देईल, पण गिअरबॉक्सची शिल्लक कंपनीने आधीच संपवली आहे. त्यामुळे "मित्राच्या गाडीला काही झालं नाही" या वाक्याला काडीची किंमत नाही. मॅन्युअल गाडीत पहिला बळी बहुतेक वेळा क्लचचा जातो.

रणगाड्यांचं बघा. भारतीय लष्कराच्या टी-72 रणगाड्याचं इंजिन 780 हॉर्सपॉवरचं आहे. ती ताकद 1000 वर न्यायची ठरल्यावर मार्च 2025 मध्ये 24.8 कोटी डॉलरचा करार झाला, तो नव्या इंजिनांचा.

कायदा काय म्हणतो?

नगरमध्येच संरक्षण मंत्रालयाची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 नुसार ज्या संस्था नव्या वाहनाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देऊ शकतात, त्यांत तिचं नाव आहे. अशी चाचणी पार केलेलं मॉडेलच विकता येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182ए प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

रस्त्यावर पोलिसाला रिमॅप दिसत नाही, हे खरं. पण सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर बदलल्याची खूण सापडू शकते आणि वॉरंटी जाते. अपघात झाला आणि विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल, तर क्लेम अडकू शकतो. 30 टक्के पॉवरची खरी किंमत त्या दिवशी कळते.

मग करायचं काय?

गाडीची वॉरंटी चालू असेल तर थांबलेलं बरं. ती संपली असेल तर आधी हवेचे पाइप, स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि टायर तपासा. इंटरकूलरच्या पाइपला बारीक चीर असली तरी गाडीचा दम जातो, आणि तो शोधून काढायचा खर्च रिमॅपच्या तुलनेत किरकोळ असतो. ट्रॅक्टर ओलांडताना चौथ्याऐवजी तिसरा गिअर टाकला तर टर्बो आधीच फिरत असतो आणि तो लॅग बराचसा निघून जातो, फुकटात.

तरीही रिमॅपच हवा असेल तर ट्यूनरकडे तीन गोष्टी मागा: तुमच्याच गाडीचा आधीचा आणि नंतरचा डायनो ग्राफ, मूळ फाइलची प्रत, आणि नव्या फाइलमधला टॉर्क गिअरबॉक्सच्या मर्यादेच्या किती खाली आहे याचा आकडा. तिसऱ्याचं उत्तर "काही होत नाही हो" असं आलं, तर चावी परत खिशात टाका.