हातगाडी उचलण्याआधी

'स्मार्ट सिटी करायची तर रस्ते मोकळे हवेत, फेरीवाले हटलेच पाहिजेत,' हे वाक्य आपण सोसायटीच्या बैठकीत हमखास ऐकतो. स्मार्ट सिटी अभियान जून २०१५ मध्ये सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१४ मध्ये, संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा केला होता. अभियानामुळे तो कायदा बाजूला पडत नाही.

दुसरा समज असा की परवाना नसलेल्याला कधीही उठवता येतं. खरं तर आधी सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यांना प्रमाणपत्रं द्यायची आणि ते पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही, असा कायद्याचा क्रम आहे. स्थलांतर करायचंच असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. जागा ठरवताना ज्या नगर पथविक्रेता समितीचं म्हणणं घ्यायचं, तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. पन्नास वर्षांहून जुना बाजार असेल, तर तो वारसा बाजार ठरवून तिथल्या विक्रेत्यांना हलवायचंच नाही.

'म्हणजे फेरीवाल्यांना रस्ता आंदणच दिला की!' असंही कुणी म्हणेल. तसं नाही. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं सांगितलं, पण मुंबईच्या पदपथावर कायम राहण्याचा हक्क दिला नाही. चालणाऱ्याचा हक्कही खराच आहे. काठी टेकत चाललेल्या आजोबांना पदपथ मोकळाच मिळायला हवा. म्हणून विक्रीच्या जागा आखून द्यायच्या असतात. न आखता गाडी उचलणं मला अन्यायच वाटतो.

आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा समज: 'माल उचलला म्हणजे गेला.' कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटोची क्रेट, वजनकाटा सगळं ट्रकमध्ये पडतं आणि बाई पाठीमागे धावत राहते. संध्याकाळपर्यंत कोथिंबीर काळी पडते, दिवसाचं भांडवल बुडतं. कायद्यानुसार जप्तीच्या वेळी मालाची यादी करून, सही घालून, तिच्या हातात द्यायची असते. ठरलेलं शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळतो, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. ट्रक हलण्याआधी ती यादी मागून घ्यावी.