स्तनशस्त्रक्रियेनंतरची नाडीवेदना आणि लेसर ॲक्युपंक्चर

कापूस वेचणीच्या हंगामात खामगाव, नांदुरा, मलकापूर परिसरातील चिकित्सालयांत हातदुखीच्या अनेक रुग्णा येतात. तैलाभ्यंग, स्वेदन आणि एखादा गुग्गुळकल्प हा आपला नित्याचा क्रम. परंतु रुग्णेच्या स्तनावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर हाच क्रम अपायकारक ठरू शकतो. संकोचामुळे ती हे आपणहून सांगेलच असे नाही. म्हणून ते विचारणे वैद्याचे कर्तव्य होय.

काखेतील लसग्रंथी काढताना ‘इंटरकोस्टोब्रेकियल’ हा मज्जातंतू पुष्कळदा ताणला वा छेदला जातो. काख व दंडाची आतील बाजू येथील त्वचेस तो संवेदना पुरवितो. परिणामी एकाच जागी सुप्तीही असते आणि दाह, तोद, विजेसारखी कळही असते. पदराचा स्पर्शदेखील सहन होत नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास ही वेदना जीर्ण समजावी. डेन्मार्कमधील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात तीन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी ४७ टक्के स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनीही वेदना होत्या. तेव्हा रुग्णेची तक्रार ‘मनाचा खेळ’ म्हणून दुर्लक्षिणे अन्यायाचे आहे.

लेसर ॲक्युपंक्चरमध्ये सुईऐवजी मंद शक्तीचा किरण विशिष्ट बिंदूंवर टाकतात. त्वचा भेदली जात नाही, हा त्याचा मुख्य लाभ. कारण लसग्रंथी काढलेल्या हातास सूज व जंतुसंसर्ग यांचे भय कायम असते. तथापि पुराव्याची मर्यादा ओळखावी. स्तनकर्करोगाच्या संप्रेरकविरोधी औषधांमुळे होणारी सांधेदुखी सुईच्या ॲक्युपंक्चरने माफक प्रमाणात उणावते, असे २२६ स्त्रियांवरील अमेरिकन चाचणीत २०१८ साली दिसून आले. प्रस्तुत नाडीवेदनेवरील लेसरचे अभ्यास मात्र थोडे व लहान आहेत. म्हणून तो पूरक उपाय मानावा, खात्रीचा इलाज म्हणून सांगू नये. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात २०१५चा स्वतंत्र कायदा आहे. रुग्णेस प्रशिक्षित व नोंदणीकृत चिकित्सकाकडेच पाठवावे. मूळ गाठीच्या जागी किरण टाकू नये आणि उपचारकाळी दोघांनीही संरक्षक चष्मा वापरावा.

आपल्या चिकित्सालयातही पथ्य आहेच. त्या बाजूच्या हातावर अग्निकर्म, विद्धकर्म, रक्तमोक्षण, जोरकस मर्दन व तप्त पोटली टाळावी. बधिर त्वचेस चटका कळत नाही, फोड आल्यावरच तो दिसतो. नवी गाठ, वाढती सूज वा रात्री वाढणारी अस्थिवेदना आढळल्यास अन्य कोणत्याही उपचाराआधी कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. मज्जातंतूच्या वेदनेसाठी चालू असलेले गॅबापेंटिनसारखे औषध अकस्मात बंद करवू नये.

औषधी दुकानदारांनीही हातदुखीचे तेल वा मलम देताना हलक्या आवाजात एक प्रश्न विचारावा: “ताई, या बाजूला ऑपरेशन झालंय का?” त्या एका प्रश्नाने एखादीचा हात भाजण्यावाचून वाचेल.