‘तुरळक ठिकाणी गारपीट’ म्हणजे कुठे?

डिसेंबर आला की नाताळच्या भेटकार्डांतून आणि पुस्तकांतल्या चित्रांतून बर्फ आपल्या वर्गात येतो. छपरांवर बर्फ, झाडांवर बर्फ, वाटेवर बर्फ. मग रेणापूरसारख्या गावातल्या शाळेत एखादे चौकस मूल हमखास विचारते, “सर, आपल्याकडे नाताळात बर्फ का पडत नाही? यंदा पडेल का?” वर्ग हसतो, आणि बहुतेक वेळा आपणही हसून पुढच्या धड्याकडे वळतो.

खरे तर हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. एखादी घटना घडण्याची शक्यता किती, हा एक. आणि ती किती आधी सांगता येते, हा दुसरा. दोन महिन्यांनी त्याच मुलाच्या वडिलांपुढे हेच प्रश्न वेगळ्या रूपात उभे राहतात. हरभरा काढून रानात बनीम लावलेली असते, गहू उभा असतो, आभाळ भरून येते आणि वर्तमानपत्रात एक ओळ छापलेली असते: ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता.’ या ओळीचे त्यांनी काय करायचे? हे समजून घेण्यासाठी आधी बर्फापासूनच सुरुवात करू.

बर्फ वाटेत वितळतो

रेणापूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. आपण जमिनीपासून वर जाऊ लागलो की दर किलोमीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने शून्य अंशाची पातळी ऐन हिवाळ्यातही गावाच्या डोक्यावर सुमारे चार किलोमीटर उंचावर असते. त्याहून वर ढग असेल तर त्यात हिमकण तयार होतात, अगदी आपल्याकडेही. मात्र हिमाचा पिसासारखा हलका कण सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने खाली येतो. चार किलोमीटरच्या प्रवासाला त्याला तासाहून अधिक वेळ लागेल. वाटेतली हवा उबदार, त्यामुळे पहिल्या काही शे मीटरमध्येच त्याचे पाणी होते.

“पण सर, थंडी तर कडाक्याची पडते!” हेही खरे आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीला कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत २ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मात्र अशी थंडी पडते ती निरभ्र रात्री. आकाश मोकळे असले की जमिनीची उष्णता वर निघून जाते आणि जमिनीलगतची हवा गारठते. ढग आले की हीच उष्णता पांघरुणाखाली राहावी तशी अडते आणि रात्रीचा पारा चढतो. बर्फाला थंडी आणि ढग दोन्ही हवेत. आपल्याकडे मात्र एक आले की दुसरे जाते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे गवतावर पांढरा थर दिसतो, तोही आकाशातून पडलेला बर्फ नसून जागेवरच गोठलेले दव असते.

म्हणून रेणापूरच्या नाताळाबद्दल आपण निःशंकपणे सांगू शकतो की बर्फ पडणार नाही. हा अंदाज वर्षभर आधीच काय, दहा वर्षे आधीही देता येईल. तो एखाद्या दिवसाच्या हवामानावर नव्हे, तर त्या प्रदेशाच्या स्वभावावर आधारलेला आहे.

गार वितळत नाही

मग मार्चमध्ये, उन्हे तापलेली असताना, त्याच रानावर बर्फाचा थर कसा साचतो?

फेब्रुवारीपासून जमीन तापू लागते. बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा खालच्या थरात असते. त्याच वेळी उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभाबरोबर वरच्या थरात थंड, कोरडी हवा उतरते. खाली गरम व दमट, वर थंड व कोरडी, ही मांडणी अस्थिर असते. खालची हवा जोराने उसळते आणि बारा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. त्यांत शून्याखाली तापमान जाऊनही न गोठलेले असंख्य जलबिंदू असतात. बर्फाच्या एखाद्या कणावर ते आदळतात आणि तिथेच गोठतात. वर उसळणारा झोत कणाला पेलून धरतो, तोवर त्याच्यावर थरावर थर चढत राहतात. गार मधोमध कापून पाहिली तर कांद्यासारखी वर्तुळे दिसतात ती यामुळेच. वजन झोताला पेलवेनासे झाले की गार सुटते.

दोन-तीन सेंटिमीटरची गार सेकंदाला सुमारे वीस मीटर वेगाने पडते. चार किलोमीटर उतरायला तिला तीन-साडेतीन मिनिटे पुरतात. एवढ्या वेळात ती पुरती वितळत नाही. हिमकण आणि गार दोन्ही पाण्याचीच रूपे, पण वेग वेगळा म्हणून नशीब वेगळे.

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत असे ढग महाराष्ट्रावर पुन्हा पुन्हा उठत राहिले. लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांसह अनेक जिल्ह्यांत रब्बीची पिके आणि फळबागा झोडपल्या गेल्या. लाखो हेक्टरांवर नुकसान झाले. गारपीट याच दोन महिन्यांत होते असेही नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागा गारांनी झोडपल्या. तेव्हा नाताळात बर्फाची शक्यता शून्य असली तरी नाताळाच्या आगेमागे गारांची शक्यता शून्य नाही. ती थोडी आहे, इतकेच.

‘तुरळक’ या शब्दाचे गणित

आता त्या छापील ओळीकडे वळू. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांना ठरलेला अर्थ आहे. त्या विभागातल्या एकूण केंद्रांपैकी फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर ती घटना अपेक्षित आहे, असा तो अर्थ. आणि गारांच्या बाबतीत पंचवीस टक्के हेही पुष्कळच झाले.

एक ढोबळ हिशेब मुलांकडून करून घ्यावा. गारपिटीचा एक पट्टा तीन किलोमीटर रुंद आणि वीस किलोमीटर लांब धरू. त्याचे क्षेत्रफळ साठ चौरस किलोमीटर. एका दिवसात मराठवाड्यात असे दहा पट्टे पडले तर सहाशे चौरस किलोमीटर. मराठवाड्याचे क्षेत्रफळ सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे गारपिटीचा दिवस असूनही गारा पडल्या त्या जेमतेम एक टक्का जमिनीवर. खात्याचा अंदाज शंभर टक्के बरोबर आला आणि तरीही शंभरातल्या नव्व्याण्णव शेतांत गार पडली नाही! ते नव्व्याण्णव जण म्हणतात, ‘अंदाज चुकला.’ आणि ज्याचे पीक गेले तो म्हणतो, ‘माझ्या गावाचे नाव कुठे सांगितले होते?’ दोघांचे दुःख किंवा चेष्टा समजण्यासारखी आहे, पण दोघांनीही त्या ओळीला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मागितले आहे.

ब्रिटनमधला नाताळ हेच शिकवतो. तिथल्या हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही हिमाचा एक कण पडताना दिसला तरी तो ‘पांढरा नाताळ’ ठरतो. या व्याख्येने १९६० नंतरचे निम्म्याहून अधिक नाताळ पांढरे भरतात. पण देशात व्यापक प्रमाणावर जमिनीवर बर्फ साचलेला असे नाताळ मोजकेच: १९८१, १९९५, २००९ आणि २०१०. ‘कुठेतरी’ पडण्याची शक्यता मोठी, ‘माझ्या दारात’ पडण्याची लहान. शक्यतेचा आकडा ऐकला की आधी विचारावे: कुठे, आणि किती वेळात?

लहान गोष्ट उशिरा कळते

आजच्या उपग्रहांच्या आणि महासंगणकांच्या काळात खाते गावाचे नाव का सांगू शकत नाही? याचे उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ हे अमेरिकी शास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे एक सोपे गणित सोडवीत होते. तेच गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. फरक नगण्य होता. काही काळ दोन्ही उत्तरे जुळली, मग फाटत गेली आणि शेवटी त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. हवेची आजची स्थिती आपण कधीच अचूक मोजू शकत नाही, आणि मोजणीतली लहानशी चूक दिवसेंदिवस वाढत जाते. यामुळे ठरावीक दिवसाच्या अंदाजाला साधारण दोन आठवड्यांची मर्यादा पडते.

ही मर्यादा प्रत्येक गोष्टीला सारखी नसते. हजार किलोमीटर पसरलेला पश्चिमी विक्षोभ चार-पाच दिवस आधी दिसतो. ब्रिटनमधल्या नाताळाच्या बर्फाबद्दलही तिथले खाते पाचेक दिवस आधीच खात्रीने बोलते, कारण तो बर्फ मोठ्या प्रणालीतून पडतो. गडगडाटी ढगाची एक पेशी मात्र पाच-दहा किलोमीटरची असते आणि तासाभरात जन्मून, वाढून विरूनही जाते. जो अजून जन्मलाच नाही तो ढग कोणत्या शिवारावर फुटेल, हे आदल्या दिवशी कसे सांगणार? म्हणून आधी विभागाचा अंदाज येतो, मग जिल्ह्याचा पिवळा वा नारिंगी इशारा, आणि ढग उभा राहिल्यावर पुढच्या तीन तासांची तात्कालिक सूचना. प्रत्येक पायरीवर जागा लहान होते आणि हाती उरलेला वेळही.

रडारलाही मर्यादा आहे. त्याचा किरण अर्धा अंश वर रोखला तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे दोनशे किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंच गेलेला असतो. ढगातल्या गारा त्याला दिसतात; त्या जमिनीवर पोचताना किती उरल्या, हे दिसत नाही.

शक्यतेचे करायचे काय?

मग असा अंदाज काय कामाचा? पुष्कळ कामाचा आहे, पण निर्णय आपणच घ्यावा लागतो. गारांचा पट्टा अरुंद असला तरी भोवतीचा पाऊस मोठ्या भागावर पडतो. समजा, आपली बनीम भिजण्याची शक्यता शंभरात दहा आहे. भिजली तर वीस हजारांचे नुकसान. ताडपत्री टाकून दगड ठेवायला तीनशे रुपये मजुरी. न झाकल्यास सरासरी नुकसान दोन हजार, झाकल्यास खर्च तीनशे. झाकावी, हेच बरे. दहापैकी नऊ वेळा मजुरी ‘वाया’ गेली तरीही.

आता उभा, अर्धवट पिकलेला गहू घ्या. गारा पडण्याची शक्यता शंभरात एक, नुकसान वीस हजार. म्हणजे सरासरी दोनशे. घाईने कापला तर उतारा घटून आठ हजार जाणार. इथे थांबावे. अंदाज एकच, निर्णय मात्र दोन, आणि दोन्ही बरोबर. अर्थात ही सरासरी अनेक वर्षांची आहे. एकाच फटक्याने ज्याचे कंबरडे मोडणार, त्याने अधिक सावध राहणे हेही शहाणपणच.

जिवाच्या बाबतीत तर हिशेबही नको. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर भारतात मुरादाबाद भागात गारपिटीत २४६ माणसे मेली. तीन तासांची सूचना मिळाली तर माणसे आणि गुरे आडोशाला नेण्यास फारसे काही लागत नाही.

वर्गासाठी एक वही

हे सारे मुलांना सांगण्यापेक्षा करू द्यावे. फेब्रुवारी ते एप्रिल एक वही ठेवा. रोजचा मराठवाड्याचा आणि लातूर जिल्ह्याचा अंदाज एका रकान्यात, शाळेच्या आवारात प्रत्यक्ष काय झाले ते दुसऱ्यात, आणि मुलांच्या वेगवेगळ्या गावांतून आलेली बातमी तिसऱ्यात. महिन्याअखेरीस मोजा: इशारा दिलेल्या दिवसांपैकी किती दिवस आपल्या आवारात पाऊस वा गारा आल्या? किती दिवस मुलांच्या गावांपैकी कुठेतरी आल्या? इशारा नसताना किती दिवस आल्या? तिन्ही आकडे वेगळे येतील, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा का, हे मुलेच आपल्याला समजावून सांगतील.

आणि पुढच्या डिसेंबरात ते मूल पुन्हा विचारील, “सर, यंदा बर्फ पडेल का?” तेव्हा त्याला निर्धास्तपणे ‘नाही’ म्हणा. आणि त्याने मार्चमधल्या गारांबद्दल विचारले, तर वही उघडून त्यालाच मोजायला सांगा.