रीफर कंटेनर आणि शीतवाहन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रीफर म्हणजे स्वतःचे शीतयंत्र असलेला कंटेनर. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत आणि सांगलीकडे तासगाव या पट्ट्यांतली निर्यातीची द्राक्षे दर हंगामात याच कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरात येतात. १९८९ साली सुरू झालेले हे बंदर उरण तालुक्यात, नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला आहे. वाशी-तुर्भ्याचा बाजार, कृषी पणन मंडळाची वाशीतली प्रक्रिया केंद्रे आणि कळंबोलीहून बंदराकडे जाणारा ट्रेलरचा रस्ता यांमुळे राज्याच्या शेतमाल निर्यातीची शेवटची खिंड नवी मुंबईतच आहे. मात्र हा माल थंड कसा राहतो याविषयी बागेपासून बाजारापर्यंत बरेच गैरसमज आहेत आणि त्यांची किंमत बागायतदाराला मोजावी लागते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे रीफर माल थंड करतो. प्रत्यक्षात तो माल थंड करण्यासाठी बनवलेलाच नाही, थंड झालेला माल तसाच राखण्यासाठी बनवलेला आहे. दुपारी काढलेला द्राक्षाचा घड ३० अंशांच्या वर असतो. घट्ट रचलेल्या पेट्यांमधून ही उष्णता ओढून काढण्याइतकी ताकद कंटेनरच्या यंत्रात नसते. तशी पेटी रीफरमध्ये भरली, तर ती थंड व्हायला काही दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत मण्याचा ताजेपणा व काडीचा हिरवेपणा निघून जातो. माल थंड करण्याचे काम पॅकहाऊसमधल्या प्रीकूलिंगच्या खोलीत व्हावे लागते. तिथे पंख्यांच्या जोराने पेट्यांच्या छिद्रांतून थंड हवा ओढली जाते आणि साधारण सहा ते आठ तासांत द्राक्षाच्या गाभ्याचे तापमान शून्याजवळ आणले जाते. म्हणूनच निर्यातीची तोडणी सकाळी लवकर होते आणि भरलेले कॅरेट सावलीत ठेवतात. तोडलेले फळ जिवंत असते. ते श्वसन करते, स्वतः उष्णता सोडते आणि जितके गरम, तितके वेगाने म्हातारे होते.

रस्त्यावर दिसणारा प्रत्येक पांढरा बंद ट्रक शीतवाहन असतो, असेही मानले जाते. त्यांपैकी अनेक गाड्यांना फक्त उष्णतारोधक भिंती असतात, शीतयंत्र नसते. अशी गाडी बाहेरचे ऊन काही काळ अडवते, पण आत शिरलेली किंवा मालानेच सोडलेली उष्णता तिला बाहेर टाकता येत नाही. ट्रकवर बसवता येईल असे टिकाऊ शीतयंत्र अमेरिकेत फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स यांनी १९३८च्या सुमारास तयार केले. त्याआधी रस्त्यावरची थंड वाहतूक प्रामुख्याने बर्फावर चाले. मासळीसाठी बर्फाची पद्धत आजही चालते आणि ती योग्यच आहे. द्राक्षाला मात्र बर्फाचे पाणी लागले की बुरशीला आमंत्रण मिळते.

‘जितके थंड तितके चांगले’ हा समज आंब्याच्या मुळावर येतो. द्राक्षाला उणे अर्धा ते शून्य अंश सेल्सिअस आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते, कारण साखरेमुळे ते शून्यालाही गोठत नाही. डाळिंबाला पाच ते सात अंश लागतात. हापूस आणि केळी उष्ण प्रदेशातली फळे असल्याने त्यांना १२ ते १४ अंशांच्या खाली नेले, तर शीतबाधा होते. आंब्याच्या सालीवर करडे डाग पडतात, तो एकसारखा पिकत नाही, स्वाद उतरतो. केळ्याची साल काळवंडते आणि नंतर कितीही ऊब दिली तरी ती पूर्ववत होत नाही. गोठवलेली कोळंबी उणे १८ अंशांखाली जाते, म्हणजे ती वेगळीच दुनिया. म्हणूनच कंटेनरच्या बुकिंगमध्ये तापमानाच्या आकड्यापुढे अधिक की उणे हे चिन्ह स्पष्ट लिहायचे असते. त्या एका रेघेवर अख्ख्या कंटेनरचे भवितव्य ठरते. हापूसच्या गरात होणारा ‘साका’ हा बिघाड मात्र वाहतुकीच्या माथी मारू नये. ती विकृती फळ झाडावर असतानाच सुरू होते.

कंटेनरच्या दर्शनी पडद्यावरचा आकडा फळाचे तापमान दाखवतो, अशीही समजूत आहे. तो असतो हवेचा. यंत्र बाहेर सोडते ती हवा आणि मालातून फिरून परत येते ती हवा, अशा दोन ठिकाणी मोजणी होते. ताज्या फळांसाठी सोडलेल्या हवेवर नियंत्रण ठेवतात, गोठवलेल्या मालासाठी परतणाऱ्या हवेवर. पडद्यावर शून्य दिसत असताना मधल्या पेटीतली द्राक्षे आठ अंशांवर असू शकतात. खरे तापमान कळायचे तर टोकदार तापमापक फळात खुपसावा लागतो, आणि तेही दार लावण्यापूर्वी.

रचनेतही अशीच चूक होते. समुद्री रीफरमध्ये थंड हवा वरून येत नाही. जमिनीवरच्या टी आकाराच्या पट्ट्यांमधून ती खालून निघते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून परत फिरते. आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर माल गेला की परतीची वाट बुजते. जमिनीचा काही भाग उघडा राहिला, तर हवा सोपा मार्ग धरून तिथूनच वर निघून जाते आणि बाकीच्या पेट्या उबदार राहतात. देशांतर्गत शीतट्रकमध्ये बहुधा उलटे असते. त्यात यंत्र पुढच्या भिंतीवर वर असते आणि हवा छताकडून मागे फेकली जाते. ट्रक भरण्यात तरबेज असलेली टोळी कंटेनरही तशाच सवयीने भरते, तेव्हा दोष यंत्राचा नसतो.

दार बंद आहे, भिंती जाड आहेत, मग घाट चढताना किंवा रांगेत तासभर जेनसेट (कंटेनरला वीज देणारा जनरेटर) बंद ठेवला तर बिघडले काय, असे म्हणून डिझेल वाचवले जाते. रीफरचे यंत्र विजेवर चालते. जहाजावर आणि बंदराच्या यार्डात त्याला प्लग मिळतो, तर रस्त्यावर त्याची भिस्त ट्रेलरच्या डिझेल जेनसेटवर असते. जेनसेट थांबला की हवेचे फिरणे थांबते. चार-पाच अंशांची चढ-उतार लहान वाटते, पण गार मण्यांवर तेवढ्यात दव साचते. द्राक्षाच्या पेटीत गंधकाच्या वायूचा पॅड असतो. तो बुरशी रोखतो आणि ओलाव्यानेच जागा होतो. दव जास्त झाले की वायू एकदम सुटतो, मणी पांढुरके पडतात, आणि पुढच्या प्रवासासाठी पॅडमध्ये फारसे काही उरत नाही. शिवाय ही बचत लपत नाही. कंटेनरची स्मृती तापमान नोंदवत असते, पेट्यांमध्ये वेगळे छोटे नोंदयंत्रही असते, आणि खरेदीदार त्यांचा आलेख वाचूनच हरकत घेतो. या साऱ्याचा ताण चालकावर येतो. मालाला शून्य अंश आणि त्याला ४० अंश, अशी विषमता वर्षानुवर्षे चालली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हा फार उशिरा झालेला न्याय आहे.

नुकसान लांबच्या प्रवासाने होते, हा समज अर्धवट खरा आहे. नाशिकहून कसारा घाट, भिवंडी, मुंब्रा, शिळफाटा आणि कळंबोली करत बंदर गाठायला सुमारे २०० किलोमीटर पडतात, आणि समुद्रप्रवास अनेक आठवड्यांचा. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागली आणि प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. तरीही नीट प्रीकूल केलेली द्राक्षे टिकली पाहिजेत, टिकतातही. माल बिघडतो तो सांध्यांवर. शीतगृहातून कंटेनरकडे नेताना उघड्यावर राहिलेला पॅलेट, जेनसेट लावायला लागलेला उशीर, यार्डात उतरल्यावर प्लग लागेपर्यंतचा वेळ, हे ते सांधे. वाटेत सीमाशुल्क अधिकारी दार उघडतात म्हणून थंडी जाते, ही तक्रारही बहुतेक वेळा लागू पडत नाही. पॅकहाऊसमध्ये भरलेल्या कंटेनरला तिथेच इलेक्ट्रॉनिक सील लागते, आणि सील शाबूत असेल तर तो सहसा न उघडता बंदरात जातो.

आंब्याबाबत आणखी एक समज आहे, की थंडीने फळमाशी मरते, म्हणून परदेशी पाठवायला शीतवाहतूक पुरते. हापूस सोसू शकेल अशा तापमानाला फळमाशीची अंडी-अळ्या मरत नाहीत. म्हणून थंडीआधी उष्णतेची किंवा विकिरणाची प्रक्रिया करावी लागते. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली ती फळमाशीमुळेच, आणि ती २०१५च्या जानेवारीत उठली. युरोपसाठी आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवतात. जपानसाठी वाफेने फळाचा गाभा ४७.५ अंशांवर आणून २० मिनिटे तसाच ठेवतात. अमेरिकेने २००७ मध्ये दार उघडले ते विकिरणाच्या अटीवर, किमान ४०० ग्रे मात्रेने. या तिन्ही सोयी पणन मंडळाने वाशीत उभारल्या आहेत. विकिरण केलेला आंबा किरणोत्सारी होतो, ही भीती निराधार आहे. गॅमा किरण फळातून आरपार जातात, किडीची वाढ खुंटवतात आणि फळात काही मागे ठेवत नाहीत. अमेरिकेचा आंबा वर्षानुवर्षे विमानाने जात असे. २०२२ मध्ये तो वाशीतून प्रक्रिया होऊन रीफरमधून समुद्रमार्गेही पाठवला गेला. वाहतुकीचा खर्च त्याने उतरतो, पण तापमानाची शिस्त आणखी कडक लागते.

वाशीच्या बाजारात येणारा माल थंड गाड्यांतून येतो असे मात्र समजू नये. रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या पेट्या बहुतांशी साध्या टेम्पो-ट्रकमधून रात्रीचा प्रवास करून पहाटे तुर्भ्यात उतरतात. एका रात्रीच्या अंतरासाठी आणि लगेच पिकवायच्या फळासाठी ते चालून जाते, मात्र गाडीत हवा खेळती हवी आणि ताडपत्रीने माल कोंडता कामा नये. कांद्याला तर दमट थंडी घातकच आहे. तो कोरड्या, खेळत्या हवेत टिकतो, आणि शीतगृहातून उबदार दमट हवेत आणला की त्याला कोंब फुटतात. जवळच्या देशांना जाणारा कांदा म्हणूनच हवेशीर केलेल्या कंटेनरमधूनही जातो. कोणत्या मालाला रीफर लागतो हे ठरते ते त्या फळाचे श्वसन, त्याला सोसणारे तापमान आणि खाणाऱ्यापर्यंतचे दिवस पाहून.