विधेयक म्हणजे कायदा नव्हे

शस्त्रांविषयी एखादे विधेयक येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी ‘सरकार बंदुका जप्त करणार’ ही आवई चोहीकडे उठते. अमेरिकेत २००९ च्या जानेवारीत बॉबी रश या प्रतिनिधीने पिस्तुलांसाठी परवाना सक्तीचा करणारे विधेयक प्रतिनिधिगृहात मांडले. ते समितीच्या दप्तरातून बाहेरही पडले नाही. पण ते जणू मंजूरच झाले, असा इशारा देणारे ई-मेल देशभर फिरत राहिले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असाच हा प्रकार!

आपल्याकडे जे घडले ते याहून विचार करण्याजोगे आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात १९८३ साली दुरुस्ती होऊन एका परवानाधारकास तीन बंदुकांची मर्यादा पडली. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत आलेल्या विधेयकाने ही मर्यादा एकावर आणण्याचे योजिले होते. वारसाने आलेल्या शस्त्रांचे काय, असा प्रश्न उपस्थित झाला आणि ९ डिसेंबरला लोकसभेने विधेयक संमत केले, तेव्हा एकाच्या जागी दोनचा आकडा आला होता. १० डिसेंबरला राज्यसभेची मंजुरी, १३ रोजी राष्ट्रपतींची संमती आणि १४ पासून अंमल. ज्यांनी ‘एक’ हाच कायदा मानून हाय खाल्ली ते चुकले. आणि बोलून काय उपयोग, असे म्हणून जे स्वस्थ बसले तेही चुकले.

विधेयकाचा मार्ग लांबचा ठेवला आहे तो उगाच नव्हे. ते प्रथम मांडले जाते. मग सर्वसाधारण चर्चा होते, आणि सभागृहास वाटल्यास ते समितीकडे जाते. त्यानंतर कलमवार विचार, दुरुस्त्या व अखेरचे मतदान. दुसऱ्या सभागृहातही हाच क्रम. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ते अधिनियम होते. परंतु पुष्कळदा राजपत्रातील अधिसूचनेने दिवस ठरल्यावाचून त्याचा अंमल सुरू होत नाही. यांतील प्रत्येक पायरी म्हणजे नागरिकाला आपले म्हणणे मांडण्याची एक संधी आहे.

तथापि, सारा दोष अफवा पसरविणाऱ्यांच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. २०१९ चे ते विधेयक समितीकडे न जाताच पंधरा दिवसांत अंमलात आले. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदूक बाळगणाऱ्या कोकणातील शेतकऱ्याला त्यातील कलमे कोणी आणि केव्हा समजावून द्यायची? निवडणूक आली की त्याला शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. तेव्हा जप्तीची वदंता त्याला खरी वाटली, तर नवल नाही. जिथे चर्चेला अवकाश नसतो, तिथे अफवेला रान मोकळे मिळते.

शस्त्रांवर निर्बंध असावेत, याविषयी आम्हांस शंका नाही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यास त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, ती योग्यच होय. पण चांगला कायदाही घाईने आला की संशय घेऊन येतो. सरकारने विधेयके समितीपुढे जाऊ द्यावीत. आणि सुज्ञ वाचकाने कोणतीही वार्ता पुढे धाडण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे विधेयक मांडले गेले आहे काय, आणि कोणत्या पायरीवर आहे? ज्याला हे ठाऊक असते, तो वेळेवर बोलतो. ज्याला नसते, तो आधी घाबरतो आणि मागाहून हळहळतो.