संगणकातील नोंदींची दुसरी प्रत : चिकित्सालय व औषधालयासाठी एक परिपाठ

पुनर्वसु आत्रेयांच्या सहा शिष्यांपैकी अग्निवेशाचे तंत्र चरक व दृढबल यांच्या संस्कारांसह आपणांपर्यंत पोहोचले. भेलाचे तंत्र मात्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील त्रुटित हस्तलिखिताच्या आधारे १९२१ साली मुद्रित झाले, आणि ते आजही अपूर्णच आहे. जतूकर्ण, पराशर, क्षारपाणि यांची तंत्रे तर टीकाकारांनी दिलेल्या उद्धरणांपुरतीच उरली आहेत. ज्या ग्रंथाच्या प्रती अनेक ठिकाणी होत राहिल्या तो टिकला, हा बोध वैद्यांना नवा नाही. संगणकातील नोंदींना आपण तो अद्याप पुरेसा लागू केलेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आज अनेक वैद्यांकडे रुग्णांचे प्रकृतिपरीक्षण, चिकित्साक्रम व तपासण्यांचे अहवाल संगणकात असतात. औषधनिर्मात्यांकडे बॅचची नोंद, कच्च्या द्रव्यांचे परीक्षण, कोणत्या भस्माला किती पुटे दिली याचा तपशील, लेबलांचे आराखडे आणि हिशेब असतात. संगणक नवा घेता येतो. दहा वर्षांचा रुग्णेतिहास मात्र पुन्हा विकत मिळत नाही. एखाद्या बॅचविषयी तक्रार आली आणि तिची नोंदच नसेल, तर निर्मात्याची बाजू लंगडी पडते.

नाशाचे हेतू

हार्ड डिस्कमध्ये वेगाने फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यल्प अंतरावर वाचन करणारे शीर्ष तरंगत असते. धक्का बसला किंवा झीज झाली की ती बंद पडते, आणि अनेकदा पूर्वसूचना देत नाही. एसएसडी व पेन ड्राइव्हमध्ये फिरता भाग नसतो. तेथे माहिती विद्युत्भाराच्या रूपाने साठवलेली असते. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवल्यास हा भार क्षीण होऊ शकतो. म्हणून पेन ड्राइव्ह ने-आण करण्यास उत्तम, दीर्घकाळ जतन करण्यास मात्र अयोग्य.

आगंतु हेतूही आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या पुरांत तळमजल्यावरील दुकाने व दवाखाने पाण्याखाली गेले. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे संगणकविषाणू हा दुसरा हेतू. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील नोंदी अनेक दिवस कागदावर कराव्या लागल्या. असा विषाणू संगणकाला जोडून ठेवलेल्या बाह्य डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतो. त्यामुळे सदैव जोडलेली डिस्क ही पूर्ण संरक्षण देत नाही.

प्रती किती व कोठे

या विषयातील सर्वमान्य नियम ‘तीन-दोन-एक’ असा आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या स्थळी. संगणकातील मूळ फाइल ही पहिली प्रत. त्याखेरीज दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. त्यांवर ‘अ’ व ‘ब’ अशा चिठ्ठ्या लावून त्या आठवड्याआड वापराव्यात. एक चिकित्सालयात असताना दुसरी घरी असावी. घर व दवाखाना एकाच इमारतीत असतील, तर दुसरी डिस्क आप्तांकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी.

क्षमतेची चिंता नको. केसपेपरचे एक स्कॅन केलेले पान ५०० केबीचे धरले, तर १ टीबीच्या डिस्कवर सुमारे २० लाख पाने मावतात.

गूगल ड्राइव्हसारखी इंटरनेटवरील साठवण ही जादा प्रत म्हणून उपयुक्त आहे; परंतु संगणकातील फोल्डर तिच्याशी जुळवलेले असेल, तर येथे पुसलेली फाइल तेथूनही पुसली जाते. कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते.

प्रत्यक्ष कृती

१. जपावयाचे सर्व काही एकाच मुख्य फोल्डरमध्ये आणावे. डेस्कटॉपवर विखुरलेल्या फाइलीच हमखास सुटतात.

२. बिलाच्या व हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील माहिती ते चालू असताना नुसती उचलून ठेवू नये. प्रत अर्धवट होण्याचा संभव असतो. त्या सॉफ्टवेअरमधील ‘बॅकअप’ हा पर्याय वापरून तयार होणारी फाइल डिस्कवर घ्यावी.

३. प्रत्येक वेळी दिनांकाचे नवे फोल्डर करावे आणि किमान शेवटच्या चार प्रती ठेवाव्यात. बिघडलेली फाइल जुन्या चांगल्या फाइलीवर लिहिली गेली, तर बॅकअप असून नसल्यासारखा होतो. विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ ही सोय जुन्या आवृत्त्या आपोआप जपते.

४. डिस्क ‘एफएटी३२’ पद्धतीची असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर जात नाही. विंडोजसाठी ‘एनटीएफएस’ निवडावे.

५. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेले जुने मराठी लेखन असल्यास तो फाँटही सोबत जपावा, अथवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. एरवी फाइल शाबूत राहूनही अक्षरे निरर्थक दिसतात.

६. काम होताच ‘सुरक्षितपणे काढा’ हा आदेश देऊन डिस्क सोडवावी व कोरड्या जागी ठेवावी.

परीक्षण व गोपनीयता

परीक्षण न केलेले द्रव्य आपण कल्पात घेत नाही. तोच न्याय येथेही लावावा. दर तीन महिन्यांनी डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. हिशेबाचा बॅकअप तेथे पूर्ववत करून शेवटचे बिल दिसते का, हे पाहावे. जी प्रत उघडून पाहिलेली नाही तिच्यावर विसंबू नये.

रुग्णाने विश्वासाने सांगितलेली माहिती डिस्कसोबत चोरीस जाता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानेही माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या सुरक्षेची जबाबदारी ठेवली आहे. म्हणून डिस्क परवलीच्या शब्दाने कूटबद्ध करावी आणि तो शब्द व पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर लिहून डिस्कपासून वेगळी ठेवावी. हा शब्द हरवल्यास स्वतःची माहिती स्वतःलाच मिळत नाही.

आमच्या मते हे काम ‘सवड मिळेल तेव्हा’ या सदरात टाकू नये. शनिवारी औषधालय बंद करताना गल्ला मोजला जातो, त्याच वेळी डिस्क जोडावी आणि कोणी, केव्हा प्रत घेतली याची सही वहीत करावी. जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावी व तिच्या अनुपस्थितीत दुसरी कोण, हेही ठरवून ठेवावे. व्याधी होऊ न देणे हे चिकित्सेहून श्रेयस्कर, असे आपण रुग्णांना नित्य सांगतो. नोंदींच्या बाबतीत तर एकदा नाश झाल्यावर चिकित्सेचा उपाय बहुधा उरतच नाही.