विश्लेषण : जिवाणू मारले, तरी मुरूम का परततात?

औषधाच्या दुकानातून आणलेली प्रतिजैविक जेलची ट्यूब महिना-दोन महिने लावली की चेहरा निवळतो. ट्यूब संपते आणि थोड्याच दिवसांत मुरूम परत येतात. मग नवी ट्यूब, नंतर मैत्रिणीला लागू पडलेल्या गोळ्या, मध्येच कोणी सुचवलेले लिंबू किंवा टूथपेस्ट. या सगळ्या धडपडीमागे एकच समज असतो : त्वचेवर घाण साचली, त्यात जंतू वाढले आणि ते मारले की काम झाले. त्वचाशास्त्रही बराच काळ काहीसा असाच विचार करत होते. आता ते चित्र बदलले आहे.

मुरमांचा जिवाणू कोणता?

त्याचे नाव क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८९६ मध्ये मुरमांतील द्रवात तो पाहिला आणि आरोपी सापडल्यासारखे झाले. पुढे अनेक दशके त्याला प्रोपियोनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हटले जाई. २०१६ मध्ये त्याचे नव्याने वर्गीकरण झाले, पण जुन्या चिठ्ठ्यांवर आणि औषधांच्या माहितीपत्रकांवर अजून पहिलेच नाव दिसते.

अडचण अशी की हा जिवाणू ज्यांना आयुष्यात कधी मुरूम आले नाहीत, त्यांच्या चेहऱ्यावरही असतो. तोही मुबलक. प्रौढ माणसाच्या कपाळावर, नाकावर, पाठीवर, म्हणजे जिथे तेलग्रंथी जास्त तिथे, तोच बहुसंख्य रहिवासी असतो. त्याला प्राणवायू फारसा मानवत नाही, म्हणून तो केसाच्या मुळाशी, रोमकूपाच्या आत राहतो. ग्रंथींतून पाझरणारे तेल हे त्याचे अन्न. ते पचवताना तो जी आम्ले सोडतो, त्यामुळे त्वचा किंचित आम्लधर्मी राहते आणि उपद्रवी जंतूंना तिथे बस्तान बसवणे अवघड जाते. थोडक्यात, एरवी तो घरचाच राखणदार. साबणाच्या वडीने दिवसातून पाच वेळा चेहरा घासणारे त्याला हुसकावू शकत नाहीत. साबण अल्कधर्मी असल्याने त्वचेचे हे आम्ली कवच मात्र बिघडते.

मग मुरूम येतो कसा?

वयात येताना अँड्रोजेन संप्रेरके वाढतात आणि तेलग्रंथी जोमाने काम करू लागतात. त्याच वेळी रोमकूपाच्या तोंडाशी त्वचेच्या मृत पेशी नीट झडत नाहीत, तेलात चिकटून त्यांचे बूच तयार होते. हे बूच उघडे राहिले तर काळा ठिपका, झाकले गेले तर पांढरा. काळ्या ठिपक्याचा काळेपणा म्हणजे मळ, हा समज तर घरोघरी आहे. प्रत्यक्षात तो रंग त्वचेतल्याच मेलॅनिनचा आणि हवेशी संयोग झालेल्या तेलाचा असतो. खरवडून तो जात नाही, त्वचा तेवढी सोलते.

बूच बसले की आत हवा कमी आणि तेल भरपूर. जिवाणूला याहून चांगली जागा कुठली? तो वाढतो, तेलाचे विघटन करून मेदाम्ले सोडतो आणि शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला धोका समजून तुटून पडते. लाल, दुखरा, पू धरलेला मुरूम म्हणजे या चकमकीच्या खुणा. खड्डे आणि डाग पडतात तेही मुख्यतः या दाहामुळे. दाह लवकर आटोक्यात आणायचा तो एवढ्यासाठीच.

सगळ्यांच्या चेहऱ्यावर असूनही त्रास काहींनाच का?

या प्रश्नाला मोठा धागा मिळाला तो २०१३ मध्ये. अमेरिकी संशोधकांनी मुरूम असलेल्या ४९ आणि नसलेल्या ५२ जणांच्या नाकावरून चिकटपट्टीने रोमकूपांतील नमुने काढले. जिवाणूचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे निघाले. वेगळे होते ते वाण. काही वाण प्रामुख्याने मुरूम असलेल्यांमध्ये आढळले, तर एक वाण जवळजवळ फक्त निरोगी त्वचेवर. म्हणजे जिवाणू किती आहेत यापेक्षा कोणत्या कुळीचे आहेत, हे महत्त्वाचे. पुढच्या अभ्यासांतून हेही दिसले की मुरमांच्या त्वचेवर या वाणांची विविधता घटते आणि एकाच कुळीची मक्तेदारी होते. २०२३ मधील एका संशोधनाने त्यामागचे एक कारणही दाखवले : त्वचेतील हायलुरॉनिक आम्लाचे तुकडे करणारे विकर दोन्ही प्रकारच्या वाणांत असते, पण त्याची रूपे वेगळी. एका रूपाने होणारे तुकडे दाह भडकवतात, दुसऱ्याने होणारे तसे करत नाहीत.

प्रतिजैविकांना त्यातला भेद कळत नाही. ती राखणदार आणि दंगेखोर दोघांनाही मारतात, आणि रोमकूपातले बूच जिथल्या तिथे राहते.

प्रतिजैविके घ्यायचीच नाहीत का?

घ्यायची, पण एकटी नाही आणि रेंगाळत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी जिवाणूबरोबर दाहही कमी करते, म्हणून मध्यम ते तीव्र मुरमांत तिचे स्थान आहे. साधारण तीन-चार महिन्यांत ती थांबवावी, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. नुसते क्लिंडामायसिनचे जेल लावत राहणे मात्र आता चूक मानले जाते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनला न जुमानणारे वाण सापडले, नंतर ते जगभर दिसले. रुग्णाबरोबर राहणाऱ्या घरच्यांच्या त्वचेवरही ते आढळले आहेत. आपल्याकडे मुरमांसाठी अझिथ्रोमायसिनही सर्रास दिले जाते. हे औषध विषमज्वरावर हाताशी उरलेल्या मोजक्या गोळ्यांपैकी एक. चेहऱ्यासाठी ते महिनोन्महिने खाण्याची किंमत फक्त चेहरा मोजत नाही.

आणखी एक गुंता. प्रतिजैविकांनी जिवाणू हटले की मॅलसेझिया नावाच्या बुरशीला मोकळे रान मिळू शकते. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या दिसतात. दमट हवेत त्या अधिक. त्यांना मुरूम समजून प्रतिजैविक वाढवले, तर त्या आणखी वाढतात.

मग काय लावतात?

पहिली फळी दोन औषधांची. बेन्झॉइल पेरॉक्साइड रोमकूपात प्राणवायू सोडते आणि हवा न सोसणारा जिवाणू त्यात मरतो. या माऱ्याला दाद न देणारे वाण आजवर त्रासदायक ठरलेले नाहीत, म्हणूनच प्रतिजैविक जेलसोबत ते देतात. (उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा वापरावा, रंग उडतो.) दुसरे अ‍ॅडापॅलिनसारखे रेटिनॉइड. ते बूचच होऊ देत नाही. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलते आणि खरा फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक ट्यूब तिसऱ्या आठवड्यातच कपाटात जातात, हे खरे दुखणे.

तीव्र मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनची गोष्ट मोलाची आहे. हे प्रतिजैविक नाही. ते तेलग्रंथी आक्रसवते. तेल आटले की जिवाणूंची संख्या आपोआप खाली येते. गर्भावर गंभीर दुष्परिणाम होत असल्याने गर्भवतींना ते निषिद्ध आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणीच घेऊ नये. स्टेरॉइड मिसळलेली ‘गोरेपणाची’ क्रीम मात्र मुरमांवर कधीच नाही. चार दिवस लाली जाते, मग त्याच क्रीममुळे मुरूम उठतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड औषधांच्या मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती काउंटरवर मिळतात.

पुढे काय?

संशोधनाचा रोख आता जिवाणू संपवण्याकडून त्यांना वळण लावण्याकडे आहे. मुरमांविरुद्ध एमआरएनए लशीची मानवी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी बार्सिलोनातील पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या गटाने क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेसच्या जनुकांत बदल करून, तेल कमी करणारे एक प्रथिन त्याच्याकडूनच तयार करवून घेतले. हा जिवाणू उंदरांच्या त्वचेवर जगला आणि काम करत राहिला. उंदरांची त्वचा माणसासारखी नसते आणि त्यांना आपल्यासारखे मुरूमही येत नाहीत, त्यामुळे पुढची परीक्षा माणसाच्या त्वचेवरच द्यावी लागेल.